कार्ड पेटीत, पेशंट रांगेत



आजारपण सांगून येत नाही, आणि मजुराच्या घरी ते एकटेही येत नाही. मागून उसनवारी येते, बचत गटाचे कर्ज येते, आणि तेही पुरले नाही तर सावकार येतो. कळंब तालुक्यातील कोणत्याही वस्तीत जाऊन विचारा, दर दोन-चार घरांमागे एक घर असे सापडेल की ज्याची पोत, शेळी किंवा एकराचा तुकडा दवाखान्याच्या बिलात गेला. हे थांबावे म्हणून सरकारने आरोग्य विम्याची योजना काढली. ती कागदावर चांगली आहे. पुष्कळांचे प्राण तिने वाचवले आहेत, हेही आम्ही मान्य करतो. तरीसुद्धा तिचे कार्ड घरातल्या पेटीत पडून असते आणि पेशंट दवाखान्याच्या रांगेत ताटकळतो, असे का होते? आज या सदरात आपण याच प्रश्नाचा विचार करू. योजनेची स्तुती किंवा निंदा करून आपले काम होणार नाही. ती समजून घेऊन पदरात पाडून घ्यावी लागेल.

मजुराच्या आजारविम्याची जुनी गोष्ट

सरकारी आरोग्य विमा ही कालपरवाची कल्पना आहे असे अनेकांना वाटते. तसे नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ साली, कारखान्यातील कामगारांसाठी आजारविम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. १९४४ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. त्याच पायावर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ती योजना प्रत्यक्ष सुरू झाली. मालकाने वर्गणी भरायची, कामगाराने आपल्या पगारातून थोडी भरायची, आणि आजारपणात औषधोपचार व बुडालेल्या पगाराचा काही भाग मिळायचा, असे तिचे स्वरूप. ही खैरात नव्हती. घाम गाळणाऱ्या माणसाचा तो हक्क होता.

परंतु या कायद्याच्या छत्राखाली आला तो नोंदणी झालेल्या कारखान्यातला कामगार. कापूस वेचणारी बाई, सोयाबीन सोंगणारा गडी, वीटभट्टीवरचे जोडपे, मिस्त्रीच्या हाताखालची बिगारी, हे सगळे छत्राबाहेर राहिले. आपल्या समाजातील बहुसंख्य माणसे नेमकी इथेच राबतात. त्यांच्यासाठी दवाखान्याचा खर्च उचलणारी व्यवस्था यायला आणखी पन्नास-साठ वर्षे जावी लागली.

योजना कळंबला कशी पोचली

महाराष्ट्रात १९९७ साली जीवनदायी आरोग्य योजना आली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोजक्या मोठ्या आजारांसाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना दीड लाख रुपयांपर्यंत मदत मिळत असे. दाखले गोळा करा, अर्ज करा, मंजुरीची वाट पाहा, असा तो प्रकार होता. खेड्यातल्या फार थोड्या माणसांपर्यंत ती पोचली.

मग २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. या आठांत शेजारचा अमरावती जिल्हा होता, यवतमाळ नव्हता. म्हणजे जिल्ह्याच्या सीमेच्या अलीकडे शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढायचे आणि पलीकडे तीच शस्त्रक्रिया बिनपैशाने व्हायची, असे जवळजवळ दीड वर्ष चालले. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती सर्व राज्यात लागू झाली आणि आपला जिल्हा तिच्यात आला. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना सुरू झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यात या दोन्ही योजना एकत्रितपणे राबवण्यास सुरुवात झाली.

फुले यांचे नाव या योजनेला शोभते. १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाई रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णापाशी कोण उभे राहते, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या देहाने सोडवला. आज योजनेचा खरा प्रश्नही तोच आहे.

सुरुवातीला पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांना ही योजना होती. पुढे शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांनाही तिच्यात घेतले. यवतमाळ त्या १४ जिल्ह्यांत आहे. शेतकऱ्याला मदत झाली, चांगलेच झाले. पण इथे एक गोष्ट आपल्या लक्षात आली पाहिजे. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे सातबारा. ज्याच्या नावावर वावर आहे त्याला पांढरे कार्ड असूनही लाभ मिळाला. त्याच्याच वावरात राबणारा, पण काही कारणाने पांढरे कार्ड हाती पडलेला भूमिहीन मजूर मात्र बाहेर राहिला. हा भेद मिटायला २०२४ साल उजाडले. जुलै २०२३ मध्ये सरकारने निर्णय घेतला आणि १ जुलै २०२४ पासून कार्डाचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबांना, वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत, या विम्याचे संरक्षण देण्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्यापूर्वी ही मर्यादा राज्याच्या योजनेत दीड लाख होती. उपचारांची संख्याही त्या वेळी १३५६ वर नेण्यात आली.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील वृद्धांसाठी केंद्राने वेगळे आयुष्मान कार्ड सुरू केले. त्याला उत्पन्नाची अट नाही. आपल्या घरातल्या आजी-आजोबांचे हे कार्ड निघाले आहे काय? नसेल तर आधारकार्ड घेऊन त्यांना केंद्रावर नेण्याचे काम घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने करावे.

योजनेने काय दिले

दोष सांगण्याआधी जमेची बाजू मोकळ्या मनाने सांगू. पूर्वी हृदयाच्या झडपेचा आजार असलेले पोर गावातच खंगत असे. आईबाप म्हणत, एवढे पैसे कोठून आणायचे? आज अशा पोरावर शस्त्रक्रिया होऊ शकते. कर्करोगाची किरणे आणि औषधे, मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचे डायलिसिस, हृदयाच्या बंद नळीतली स्प्रिंग, अपघातात मोडलेल्या हाडातली पट्टी, भाजलेल्याचे उपचार, हे सारे योजनेत बसते. जे शब्द पूर्वी फक्त शहरातल्या पैसेवाल्यांच्या तोंडी होते ते आज आपल्या वस्तीत बोलले जातात, हा काही लहान बदल नव्हे.

दुसरा लाभ सरकारी रुग्णालयांना झाला. योजनेतील उपचार यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाला तर त्याचे ठरलेले पैसे त्या रुग्णालयाच्या खात्यात जमा होतात. त्या पैशातून औषधे, साहित्य, यंत्रे घेता येतात. म्हणून सरकारी दवाखान्यातसुद्धा योजनेत नोंद करायला सांगितले तर कंटाळू नये. “इथे तर फुकटच आहे, मग कागद कशाला?” असे आपली माणसे म्हणतात. त्या कागदामुळे उद्याच्या पेशंटला औषध मिळते.

तिसरे म्हणजे वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम व सावंगी येथील मोठी रुग्णालये कळंबकरांना हाकेच्या अंतरावर आहेत. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब या रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले. बाहेरगावी उपचार घेण्याची वेळ येते तेव्हा असा रस्ता किती मोलाचा असतो, हे ज्यांनी तापलेल्या पेशंटला मांडीवर घेऊन एसटीने प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको.

घोडे अडते कुठे

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्यातील एका खेड्यात पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा मजूर आहे. वेचणीच्या दिवसांत त्याच्या छातीत कळ आली. १०८ ला फोन केला, गाडी आली, कळंबच्या ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथून यवतमाळ, आणि पुढे आणखी मोठ्या रुग्णालयात. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकावी लागेल, योजनेत बसेल, राशन कार्ड आणा. बायकोने घरी फोन केला. पोराने पेटी उघडली. कार्ड सापडले, पण ते आजोबांच्या नावाचे. भाऊ वेगळे निघून बारा वर्षे झाली, कार्ड वेगळे केलेच नाही. त्यात हिचे, म्हणजे सुनेचे, नाव चढवलेले नाही. नवऱ्याचे नाव आहे, पण कार्डावर घरातले हाक मारायचे नाव आणि आधारवर शाळेतले नाव. बारा अंकी ऑनलाइन क्रमांक नाही. पोरगा सेतू केंद्रात गेला, तिथे सर्व्हर बंद. तहसीलला गेला, साहेब मीटिंगला. इकडे खाटेवरच्या माणसाला थांबायला वेळ नाही. शेवटी गळ्यातली पोत गहाण पडली.

या गोष्टीत डॉक्टर वाईट नाही, योजना बंद नाही, पैसा मंजूर आहे. तरी पोत गेली. का? आजार येण्यापूर्वी जे काम दोन दुपारी खर्चून झाले असते ते आजार आल्यावर दोन तासांत करायला निघाले म्हणून. आम्ही हा दोष एकट्या मजुराला देत नाही. रोजी बुडवून तहसीलच्या चार चकरा मारणे त्याला परवडत नाही, हे व्यवस्थेला कळायला हवे. हे काम गावात शिबिर घेऊन झाले पाहिजे. पण व्यवस्था जागी होईपर्यंत आपण झोपून राहिलो तर नुकसान आपलेच आहे.

दुसरी अडचण मंजुरीची. योजनेत उपचार करण्यापूर्वी रुग्णालयाला तपासण्यांचे कागद संगणकावरून पाठवावे लागतात आणि तिकडून होकार यावा लागतो. कागद अपुरे असले की प्रश्न येतो, उत्तर द्यावे लागते, दिवस जातात. नातेवाइकांना वाटते डॉक्टर टाळाटाळ करतो. डॉक्टरला वाटते नातेवाईक कटकट करतात. तातडीच्या प्रसंगी फोनवरून कळवून उपचार सुरू करण्याची तरतूद योजनेत आहे आणि कागद मागाहून देता येतात, हे पुष्कळांना माहीतच नसते.

तिसरी अडचण, सगळी रुग्णालये योजनेत नसतात, आणि जे योजनेत आहे ते सगळ्याच आजारांसाठी असते असेही नाही. एखाद्या दवाखान्याला हाडांच्या उपचारांची मान्यता असते, हृदयाच्या नसते. काही शस्त्रक्रिया तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. म्हणून दारावर योजनेचा फलक पाहून आत शिरलो आणि आत “तुमचा आजार बसत नाही” असे ऐकले, असा अनुभव येतो. खासगी रुग्णालयांचीही एक तक्रार आहे. ठरवून दिलेले दर कमी पडतात आणि बिले उशिरा निघतात, असे ते सांगतात. त्यात काही तथ्य असेल. परंतु त्याची भरपाई गरीब पेशंटच्या खिशातून करून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. “योजनेचे एवढे, आणि वरचे एवढे तुम्ही द्या” ही भाषा कानावर आली की समजावे, इथे काहीतरी चुकीचे चालले आहे.

चौथी गोष्ट हिशेबाची. देशाच्या महालेखापरीक्षकांनी आयुष्मान योजनेची तपासणी केली आणि तो अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदलेले आढळले. मेलेल्या माणसांच्या नावावर उपचार चालू दाखवल्याची प्रकरणेही निघाली. गरिबाला एका अक्षराच्या फरकासाठी परत पाठवणारी यंत्रणा इतक्या मोठ्या चुकांकडे डोळेझाक करते, हे पाहून संताप येणे साहजिक आहे. पण संतापाचा उपयोग असा करावा की आपल्या घराची नोंद, आपला मोबाइल नंबर, आपली नावे बिनचूक आहेत ना, हे आधी तपासावे.

पाचवी गोष्ट सर्वांत मोठी. हा विमा मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर लागू होतो. आपल्या घरांचा पैसा जातो तो बहुतेक भरती न होताच. ताप, खोकला, अंगदुखी, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, साखरेची तपासणी, पोराचा जुलाब, या रोजच्या गळतीवर हे कार्ड चालत नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयच हवे. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. असे असताना साध्या तापासाठी सलाईन लावून घ्यायला पैसे मोजून जाणे आम्हाला पटत नाही. रक्तदाबाची गोळी नियमित घेतली तर पुढची मोठी शस्त्रक्रिया टळू शकते. गोळी सरकारी केंद्रात मिळते. ती संपली असेल तर “का नाही?” असे विचारायला शिकले पाहिजे.

२०१७ चा धडा

विमा असला तरी दवाखाना सज्ज नसेल तर काय होते, हे आपल्या जिल्ह्याने २०१७ साली पाहिले. त्या वर्षी पावसाळ्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. दुसऱ्याच्या वावरात पंप पाठीवर घेऊन फवारणी करणारे मजूर त्यात मोठ्या संख्येने होते. कोणाच्या अंगात किती विष भिनले हे कळण्यासाठी रक्ताची जी एक खास तपासणी करतात, तिची सोय तेव्हा यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात नव्हती, हे नंतर उघड झाले. आता सांगा, अशा वेळी खिशातले कार्ड काय करणार? विमा बिल भरतो. तपासणीचे यंत्र, अतिदक्षतेची खाट, रात्री जागा असणारा डॉक्टर, हे काही विमा आणून देत नाही. ते सरकारने उभे करावे लागते.

१९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा दिला होता. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकता कामा नये, आणि दवाखाना लोकांच्या शक्य तितका जवळ असावा, ही त्यातील मुख्य सूत्रे. विम्याने पहिल्या सूत्राचा अर्धा भाग पुरा केला. दुसरे सूत्र अजून बाकी आहे. म्हणून कळंबच्या ग्रामीण रुग्णालयातील रिकाम्या जागा, बंद पडलेली यंत्रे, संपलेली औषधे यांचा प्रश्न आणि विम्याचा प्रश्न हे वेगळे नाहीत. कार्डावर समाधान मानून आपण सरकारी रुग्णालयाचा आग्रह सोडला तर कार्ड घेऊन दूरच्या शहरात हेलपाटे घालणे एवढेच हाती राहील. त्या हेलपाट्यांत प्रवासाचा, सोबत्याच्या जेवणाचा आणि बुडालेल्या रोजीचा खर्च असतो. नवरा खाटेवर आणि बायको पायथ्याशी, म्हणजे घरातल्या दोन्ही रोज्या बंद. हा खर्च कोणताही विमा मोजत नाही.

ज्वारीचा विमा

आपल्या शेजारीच एक वेगळा प्रयोग झाला, तो सांगण्यासारखा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांत आरोग्य विमा उभा केला. त्याची वर्गणी रोख रकमेत नव्हती, ज्वारीत होती. सुगीच्या दिवसांत, घरात धान्य असते तेव्हा, ती गोळा व्हायची. ज्याच्याकडे शेती जास्त त्याने जास्त ज्वारी द्यायची, भूमिहीन मजुराने थोडी. गावातील गरिबांपैकी बहुतेक घरे सामील झाली तरच त्या गावाला विमा. त्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयात उपचाराची सोय, आणि गावात आरोग्यसेवक.

या प्रयोगात आम्हाला तीन गोष्टी मोलाच्या वाटतात. वर्गणी ऐपतीप्रमाणे होती. गाव एकत्र आल्याशिवाय काही मिळत नव्हते. आणि ज्याने पायलीभर ज्वारी दिली तो रुग्णालयात हात जोडून उभा राहत नव्हता, सभासद म्हणून जात होता. आज सरकारी योजनेत आपण वेगळी वर्गणी भरत नाही, म्हणून ती आपल्याला कोणीतरी दिलेली भेट वाटते. तसे मुळीच नाही. काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत आपण प्रत्येक वस्तूवर कर भरतो. विम्याचा पैसा त्याच तिजोरीतून जातो. तेव्हा खिडकीपाशी आवाज चढवू नये, पण मानही खाली घालू नये.

घरोघरी करण्यासारखे

आता कामाचे बोलू. भगिनींनो, घरातले कागद बहुधा तुमच्याच पेटीत असतात. म्हणून हे काम तुम्ही हाती घ्या असा आमचा आग्रह आहे.

राशन कार्डावर घरातल्या प्रत्येकाचे नाव आहे काय ते पाहा. नवी सून आणि लहान बाळ यांची नावे हमखास राहतात. आधारवरचे नाव आणि कार्डावरचे नाव जुळते काय ते पाहा. भाऊ वेगळे झाले असतील तर कार्डही वेगळे करून घ्या. बारा अंकी क्रमांक कंट्रोलच्या दुकानदाराकडून किंवा तहसीलमधून लिहून घ्या. मग सेवा केंद्रातून प्रत्येकाचे आयुष्मान कार्ड काढा. सगळ्यांच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या पोरांना सांगून ठेवा.

रुग्णालयात गेल्यावर पैसे भरण्याच्या खिडकीआधी आरोग्यमित्राचे टेबल शोधा. योजनेतील रुग्णालयात हा माणूस पेशंटला मदत करण्यासाठीच बसवलेला असतो. “हा आजार योजनेत बसतो काय, या दवाखान्याला त्याची मान्यता आहे काय” हे दोन प्रश्न त्याला विचारा. जाण्यापूर्वीच फोन करून विचारले तर आणखी बरे. राज्य योजनेचे निःशुल्क क्रमांक १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० हे आहेत, आणि आयुष्मान भारतचा १४५५५. हे क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.

उपचार मंजूर झाल्यावर खाट, तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया आणि पेशंटचे जेवण हे सारे ठरलेल्या रकमेतच धरलेले असते. पुढे औषध बाहेरून आणायला सांगितले किंवा पैसे मागितले, तर पावती मागा. पावती हा शब्द ऐकूनच अर्धी मागणी विरते. तरीही मागितले तर वरच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून घ्या, आणि योजनेच्या जिल्हा समन्वयकांना लेखी अर्ज द्या. भांडण करण्यापेक्षा लेखी कागद अधिक काम करतो.

योजनेत आजार बसला नाही तर हताश होऊ नका. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी निःशुल्क आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली ही योजना २००६ पासून आहे. तिला उत्पन्नाचा दाखला लागतो, तोही पिशवीत असू द्या. घरातले कोणी कारखान्यात किंवा ठेकेदाराकडे कामाला असेल आणि पगारातून कर्मचारी विम्याचे पैसे कापले जात असतील, तर त्या विम्याचे कार्ड मागून घ्या. कापलेला पैसा तुमचा आहे.

शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आजारी माणसाचे घर घाबरलेले असते. त्याला प्रश्न सुचत नाहीत, फॉर्म वाचवत नाही. अशा वेळी शेजारी एक शांत डोक्याचा, वाचता-लिहिता येणारा माणूस असला तर अर्धे काम होते. प्रत्येक वस्तीतील मंडळाने, बचत गटाने असे दोन जण ठरवून ठेवावेत, एक मुलगा आणि एक मुलगी. बारावी शिकलेली, मोबाइल हाताळणारी, बोलताना न बिचकणारी. त्यांनी महिन्यातून एक रविवार विहारात बसावे आणि वस्तीतील सर्वांची कार्डे तपासावीत. ज्या घरी कागदात खोट निघेल ती घरे वहीत लिहावीत आणि चार-पाच जणांचे काम एकदम तहसीलला न्यावे, म्हणजे प्रत्येकाची रोजी बुडणार नाही. दवाखान्यात जायची वेळ आली की या दोघांपैकी एकाने सोबत जावे. त्यांच्या एसटीच्या भाड्याचा आणि चहापाण्याचा खर्च मंडळाने उचलावा. वर्षाच्या जयंतीच्या वर्गणीतला लहानसा हिस्सा यासाठी बाजूला काढला तर कोणाला जड जाणार नाही.

हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका. ज्या घरी हा अंक वाचला जाईल त्या घराने आज संध्याकाळी, जेवणे झाल्यावर, पेटी उघडून कार्ड बाहेर काढावे आणि दिव्याच्या उजेडात त्यावरची नावे एकेक करून मोठ्याने वाचावीत. एखादे नाव राहिलेले दिसले तर उद्या सकाळी कोणी तहसीलला जायचे, तेही तिथेच ठरवावे.